माडाला दोर लावताना

आंब्यावर चढणाऱ्याला दोर कुठे अडकवायचा हा प्रश्न पडत नाही. जाड बेचके बघायचे, दोर टाकायचा, झाले. माडाला बेचके नसते. तो २०-२५ मीटर उंचीचा बिनफांद्यांचा खांब, आणि टोकाला तीसेक झावळांचा झुबका. खालून पाहणाऱ्याला वाटते, दोर अडकवायची जागा म्हणजे तो झुबकाच. डोंगरात दोरावर चढायची सवय असलेली शहरातली मुले सुट्टीत आजोळच्या आगरात आली की पहिली युक्ती हीच काढतात. वजन बांधलेली बारीक दोरी झुबक्यावरून पलीकडे फेकायची, तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा, तिघांनी मिळून लोंबकळून पाहायचे आणि ‘पक्का आहे’ म्हणत चढायला लागायचे.

असे करू नका. झावळ म्हणजे फांदी नव्हे, पान आहे. माड महिन्याला साधारण एक झावळ वर काढतो, अडीच-तीन वर्षे ती वागवतो आणि मग बुडापासून सोडून देतो. पिकली झावळ वारा नसतानाही पडते, हे आगरात राहणाऱ्याला सांगायला नको. तुमचा दोर ज्या चार झावळांवर बसला आहे त्यांतली कोणती सोडायला आली आहे, हे खालून दिसत नाही. तिघांनी लोंबकळून घेतलेली परीक्षा फक्त त्या क्षणापुरती असते. माणूस चढू लागला की दोर मागेपुढे घासतो, देठाच्या धारदार कडेवर करवतीसारखा चालतो आणि एका झावळीवरून दुसरीवर सरकतो. त्यातून तो मधल्या कोवळ्या सुईत शिरला तर वेगळाच अनर्थ. माडाला वाढीचा कोंब एकच असतो आणि तो मोडला की माड मेला.

तेव्हा माडावर भार घेणारा दोर खोडालाच बांधायचा. झावळीला नाही, पेंडीच्या दांड्याला नाही, पोयीला तर नाहीच. पुढचे सगळे या एका गोष्टीच्या सोयीसाठी आहे. आधीच सांगून ठेवतो, लेख वाचून कोणी माडावर चढायला शिकत नाही. नारळ विकास मंडळाने २०११ साली यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले, त्यातून गावोगावी शिकलेली मुले तयार झाली. अशा कोणाच्या हाताखाली आधी जमिनीपासून दोन मीटरवर सगळे करून पाहा.

आधी माड बघा

दोराची पिशवी उघडण्यापूर्वी माडाभोवती एक फेरी मारायची. सुरुवात बुडापासून. मुळे उघडी पडली आहेत का, एका बाजूची माती उचलली गेली आहे का, खोड वाऱ्यात हलते तेव्हा बुडाशी भेग उघडते का? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याजवळून गेले. त्या दोन वादळांत जे माड पडले त्यांचा प्रश्न संपला. जे कलले, मुळे तुटूनही उभे राहिले आणि पुन्हा नारळ देऊ लागले, त्यांच्याकडे मात्र संशयाने बघावे. नारळ लागतात म्हणजे मुळे शाबूत आहेत, असे नाही.

मग खोड. कोयत्याच्या पाठीने छातीच्या उंचीपर्यंत ठोकत जा. घट्ट खोडाचा आवाज वेगळा, पोकळ खोडाचा वेगळा. दोन निरोगी माड ठोकून कान तयार करा. खोडावर भोके, त्यांतून गळणारा तपकिरी चिकट रस आणि बाहेर आलेला चावलेला भुसा दिसला तर आत सोंड्या भुंगा आहे. हा भुंगा आतून खोड खातो आणि बाहेरून बराच काळ काही कळू देत नाही. असा माड चढायचा नाही, कितीही नारळ लटकत असोत. गेंड्या भुंग्याने झावळा कातरलेल्या दिसल्या तर तेवढ्याने माड धोक्याचा ठरत नाही. पण त्याने केलेल्या जखमांतून सोंड्या भुंगा आत शिरतो, म्हणून अशा माडाचा शेंडा जास्त बारकाईने बघावा. मधली सुई पिवळी पडून लोळली असेल तर कोंब कुजतो आहे. अशा माडाचा शेंडा आतून मऊ झालेला असतो.

वर बघायला दुर्बीण घ्या. गांधीलमाश्यांचे पोळे, तांबड्या मुंग्यांची घरटी, उंदरांनी पोखरलेल्या पेंडी, अर्धवट तुटून लोंबणारी सुकी झावळ या गोष्टी वर गेल्यावर कळून उपयोग नाही. लोंबणाऱ्या सुक्या झावळीसाठी मात्र ती फेकायची दोरी कामाची. झावळीवर टाकून, बाजूला लांब उभे राहून खाली ओढून घ्यावी. माणूस खाली येण्याआधी झावळ खाली आलेली बरी.

शेवटी विजेची तार. झावळ पाच-सहा मीटर लांब असते आणि कापल्यावर ती कुठे कलंडेल ते तिच्या मर्जीवर. ओली झावळ वीज वाहून नेते. तोडलेली किंवा वाकलेली झावळ तारेला टेकू शकेल इतकी तार जवळ असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घ्या, नाहीतर तो माड सोडून द्या. यात मधला मार्ग नाही.

फास बसला पाहिजे

खोडाभोवती दोर गुंडाळला की झाले, असे समजणे ही झावळीला दोर टाकण्याच्या खालोखाल मोठी चूक. पुष्कळ जण कमरेला पट्टा बांधतात, त्याचा दोर खोडामागून फिरवून परत पट्ट्याला अडकवतात आणि मागे रेलून काम करतात. पाय टेकलेले आहेत आणि अंग मागे रेललेले आहे, तोवर हा दोर खोडाला घट्ट धरतो. पण ज्या क्षणी पाय सुटतो त्या क्षणी अंग खोडाकडे येते, दोर सैल पडतो आणि गुळगुळीत खोडावरून माणसासकट सरकत थेट बुडापर्यंत जातो. म्हणजे ज्या वेळेसाठी दोर बांधला त्याच वेळी तो निकामी ठरतो.

यावर उपाय म्हणजे फास. दोराचे टोक खोडाभोवती फिरवून त्याच्याच कडीतून काढायचे, म्हणजे भार आला की वेढा आवळतो. फासाआधी खोडाभोवती एकाऐवजी दोन वेढे दिले की पकड आणखी भक्कम होते. चांगल्या कमरदोरात हा फास सरकवता येतो: वर जाताना सैल करायचा, ढकलायचा, पुन्हा आवळायचा. वेळ लागतो. पाडेली म्हणजे नारळ पाडणाऱ्या लोकांना हे आवडत नाही आणि त्यांची चिडचिड मला समजते. पायात सुंभाचा वेढा अडकवून दोन मिनिटांत शेंडा गाठणाऱ्या माणसाला दर हाताला थांबायला सांगणे म्हणजे त्याच्या कसबावर शंका घेतल्यासारखे वाटते. पण खोड शेवाळलेले असेल, हात घामाने ओला असेल, तेव्हा कसब आणि फास यांपैकी एकच गोष्ट माणसाला अडवते.

कमरदोर दोन असावेत. लोंबत्या पेंडी आणि सुक्या झावळा ओलांडताना एक सोडून वर लावावा लागतो, तेव्हा दुसरा लागलेला हवा. दोनपैकी एक पोटात पोलादी तार असलेला घ्या. कारण शेंड्यात दोराचा खरा वैरी असतो तुमच्याच हातातला कोयता. ताणलेल्या दोराला धार नुसती लागली तरी तो तडकन सुटतो; सैल दोर कापायला लागतो तेवढाही जोर लागत नाही. तारेचा दोर हा घाव सोसतो. तो विजेलाही वाट देतो, म्हणून विजेच्या तारेच्या आसपासच्या माडांबद्दल वर सांगितलेले दोनदा लक्षात ठेवा.

नुसता कमरपट्टा मात्र नको. पडताना तो पोटात रुततो, मणक्याला इजा करतो, माणूस उलटा झाला तर अंगातून निसटतोही. मांड्या, कंबर आणि खांदे धरणारा पूर्ण हार्नेस घ्यावा. भारतीय मानकाचा आयएस ३५२१ हा क्रमांक त्यावर छापलेला आहे का ते पाहावे. हार्नेसला कमरेच्या दोन बाजूंना कड्या असतात, त्या रेलून काम करण्यासाठी. पडण्यापासून वाचवणारा दोर छातीच्या किंवा पाठीच्या कडीला लावतात. दोन्हींची अदलाबदल करू नका.

वरची कडी

आता मुख्य मांडणी. पहिला माणूस चढण्याची शिडी पायांना लावून आणि फासाचा कमरदोर घेऊन वर जातो. केरळातल्या चेंबेरी गावच्या जोसेफ यांच्या नमुन्याची दोन पायांची शिडी आता कोकणात सगळीकडे दिसते. तिच्या तारेचे वेढे खोडाला धरतात म्हणून काही जण कमरदोर लावत नाहीत. शिडी चढण्यासाठी आहे. पाय तिच्यातून निसटला तर ती वरच राहते, माणूस नाही.

वर पोहोचल्यावर कडी कुठे लावायची? अगदी शेंड्याखाली नाही. माडाच्या खोडाची ताकद बाहेरच्या कवचात आणि खालच्या भागात असते. शेंड्याजवळचा भाग अजून कोवळा आणि हलका असतो. खालच्या पेंडींपासून हातभर खाली, जिथे झावळांचे वण उघडे पडून खोड तपकिरी आणि कडक झाले आहे, तिथे पट्टा बांधा. खोडाचा घेर तिथे ८०-९० सेंटिमीटर धरला तर दोन वेढे आणि फास यांसाठी सुमारे अडीच मीटरचा पट्टा लागतो. पट्ट्याच्या टोकाला स्क्रू लावून बंद होणारा पोलादी कॅराबिनर किंवा कडी, आणि तिच्यातून चढण्याचा दोर. दोर थेट पट्ट्यातून ओवायचा नाही. नायलॉनवर नायलॉन घासले की उष्णतेने वितळते, आणि ते वितळणे खालून दिसत नाही.

दोराचे एक टोक चढणाऱ्याच्या छातीच्या कडीला, फिगर एटच्या गाठीने. दुसरी बाजू खाली येते, बुडाशी बांधलेल्या कप्पीतून वळते आणि बाजूला, पडणाऱ्या नारळांच्या टप्प्याबाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराकडे जाते. त्याच्याकडे आपोआप अडणारे ब्रेकचे साधन असते आणि ते शेजारच्या भक्कम झाडाच्या बुडाला बांधलेले असते, त्याच्या कमरेला नाही. चढणारा वर जाईल तसा तो दोर ओढून घेतो, ढील राहू देत नाही. वरचा कोणी घसरला तर तिथल्या तिथे लटकेल. आणि त्याला खाली सोडायचे झाले तर दुसऱ्या कोणाला वर जावे लागणार नाही. या मांडणीचा सगळ्यात मोठा फायदा हाच. गांधीलमाशी डसून, उन्हाने चक्कर येऊन किंवा हात कापून माणूस वर बेशुद्ध झाला, तर हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहणेही त्याच्या जिवावर बेतू शकते. पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांत अवस्था बिघडू लागते. गावातून शिडी आणि माणसे गोळा करायला तेवढा वेळ नसतो.

एक हिशेब मात्र करा. दोर कडीवरून वळून खाली परत येतो तेव्हा कडीवर एका माणसाचा नाही, जवळजवळ दोघांचा भार येतो. ७५ किलोचा माणूस लटकला तर त्याला तोलून धरणारी दुसरी बाजूही जवळपास तितकीच ओढते, म्हणजे वरच्या पट्ट्यावर १५० किलोच्या आसपास. माणूस घसरला तर त्याहून पुष्कळ जास्त. निरोगी माडाच्या खोडाला हे झेपते, झावळीला झेपत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या कपडे वाळत घालायच्या दोरीला तर नाहीच.

पहिल्या चढणीला ही वरची सोय नसते, म्हणून ती सगळ्यात जोखमीची. ती सगळ्यात अनुभवी माणसाने करावी. पट्टा लागला की कमरदोर न सोडता आधी हळूहळू भार द्यायचा, एकदा अंग झोकून पाहायचे, आणि मगच खालच्या जोडीदारावर विश्वास टाकायचा. काम करताना कंबर कडीच्या वर जाऊ देऊ नका. जुने पाडेली शेंड्यात शिरून झावळांवर पाय ठेवून बसतात. तसे बसले की कडी खाली राहते, आणि मग घसरलेला माणूस दोर ताणेपर्यंत आधी कडीपर्यंत आणि पुढे तेवढाच आणखी पडतो.

पुढच्या पाडणीला सोपे जावे म्हणून पट्टा वरच ठेवण्याचा मोह होतो. माडाचे खोड आंब्याफणसासारखे वर्षागणिक जाड होत नाही, त्यामुळे पट्टा खोडात रुतणार नाही, हे खरे. पण ऊन कापडी पट्ट्याची ताकद खाते आणि खारा वारा तारेला गंज चढवतो. शिवाय शेंडा दर वर्षी वर सरकतो, पट्टा तिथेच राहतो. काम झाले की काढून आणा.

दोर कोणता

भार घेणारा दोर कमी ताणणारा, आत गाभा आणि बाहेर विणलेले कवच असलेला असावा, जाडी १०.५ ते ११ मिलिमीटर. पुण्या-मुंबईत गिर्यारोहणाच्या दुकानांत मिळतो. डोंगरात वापरतात तो लवचीक दोर इथे तितका सोयीचा नाही. तो इतका ताणतो की लटकल्यावर माणूस दोनेक हात खाली येतो आणि पुन्हा चढावे लागते. २० मीटरच्या माडाला दोर वर जाऊन परत यायचा आणि पुढे जोडीदारापर्यंत पोहोचायचा, म्हणजे ५० मीटर हवा. त्याच्या मोकळ्या टोकाला जाड गाठ मारून ठेवा. दोर कमी पडून टोक ब्रेकमधून निसटले तर बाकी सगळी मांडणी फुकट. गाठ मारली की दोराची ताकद साधारण पाव ते तिसरा हिस्सा कमी होते, त्यामुळे दोर घेताना ‘माझे वजन पेलेल इतका’ असा विचार करू नका.

होडीला वापरतात तो निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर पेंडी खाली सोडायला उत्तम. माणसाला नको, तो उन्हात ठिसूळ होतो आणि घर्षणाने लवकर वितळतो. सुंभही तसाच. बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून कुजलेला असतो.

नवा दोर घेतल्यावर त्यावर तारीख लिहून ठेवा. दर वेळी वापरण्याआधी तो पूर्ण लांबीभर हातातून काढा. कुठे मऊ पडला आहे, कुठे गाठ लागते, कुठे कवच फुगले आहे, हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. कोयत्याचा निसटता घाव बसलेला, बॅटरीच्या आम्लाजवळ ठेवलेला किंवा मोठा झटका खाल्लेला दोर बाद. बाद झालेल्या दोराचे हातभर तुकडे करा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी तोच घेऊन वर जाईल.

खाली उभा असलेला

न सोललेला नारळ किलो-सव्वा किलोचा असतो आणि २० मीटरवरून सुटला की जमिनीवर येईपर्यंत त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. म्हणून माडाच्या निम्म्या उंचीइतका घेर दोरी लावून बंद करा. बघ्यांना, पोरांना, गुरांना आत येऊ देऊ नका. घराच्या कौलांवर किंवा गोठ्यावर झुकलेल्या माडाच्या पेंडी दोराने बांधून उतरवाव्यात, पण त्यासाठी वेगळा दोर आणि वेगळी कप्पी. माणसाच्या दोरावर पेंड कधीच उतरवायची नाही. जोडीदाराने डोक्यावर हेल्मेट घालावे, फोन खिशात ठेवावा आणि चढणाऱ्याशी चार शब्द आधी ठरवून घ्यावेत: ‘घे’, ‘सोड’, ‘थांब’, ‘पडला’. समुद्राच्या वाऱ्यात याहून लांब वाक्य वर पोहोचत नाही. सकाळी वारा कमी असतो, काम दुपारच्या आत आटपावे. पावसात खोडाला शेवाळ धरते, त्या दिवसांत चढायचे नाही.

वाडीच्या मालकांशीही थोडे बोलायचे आहे. ‘तो रोजचाच आहे, त्याला दोर कशाला’ हे वाक्य मालकांच्याच तोंडी जास्त ऐकू येते. माडामागे मजुरी ठरते, त्यामुळे फास सरकवण्यात गेलेला वेळ चढणाऱ्याच्या खिशातून जातो. दोर हवा असेल तर तो वेळ मजुरीत धरा. नारळ विकास मंडळाची माडावर चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ ही विमा योजना आहे. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाचा विमा आहे का ते विचारा आणि नसेल तर अर्ज भरायला मदत करा. आणि चढायला सोपे जावे म्हणून खोडात खाचा पाडू देऊ नका, काटे लावलेले बूटही चालवू देऊ नका. माडाच्या जखमा भरून येत नाहीत. ती जागा कायमची उघडी राहते आणि पाणी धरते. काही वर्षांनी पट्टा नेमका तिथेच बांधायची वेळ येऊ शकते.

पोफळीचे काय

हा प्रश्न हमखास येतो, कारण माडाच्या सावलीत पोफळी असतातच. पोफळीचे खोड माडापेक्षा पुष्कळ बारीक आणि वारा आला की कमानीसारखे वाकणारे. वर सांगितलेली कडीची मांडणी तिच्यावर करू नका. दुप्पट भार वर टांगला की ती वाकते, आणि मोडली तर पट्टा, कडी, दोर सगळे शाबूत राहून माणूस खाली येतो. एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेत जाणारे जुने लोक हे दोराशिवायच करत आले. त्यांच्या त्या कौशल्याला सुरक्षित करणारी दोराची पद्धत मला पटण्यासारखी दिसलेली नाही. सुपारी काढायला आणि फवारणीला लांबणाऱ्या हलक्या दांड्याची कोयती मिळते, तीच बरी. मात्र धातूची दांडी विजेच्या तारेपासून माडाइतकीच, किंबहुना जास्तच दूर ठेवा. सगळ्यांचे लक्ष घडाकडे असल्यामुळे उभी करताना ती कुठे कलते याकडे कोणाचेच नसते.